यादी सगळे देतात, कारणं कुणीच देत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत वयात येणाऱ्या मुलांच्या ईटिंग डिसऑर्डरवर, म्हणजे खाण्याशी संबंधित मानसिक आजारांवर, पानभर लेख आला होता. लेख बरा होता, पण मी अडकले ती खाली कोपऱ्यातल्या चौकटीत, 'मुलाला रेसिडेन्शियल सेंटरला (जिथे राहून उपचार घेतात तिथे) पाठवताना बॅगेत काय भराल'. सैल कपडे, उबदार मोजे, आवडीचं पुस्तक, धारदार वस्तू नकोत, मोबाईल नको, झालं. अशीच एक यादी दोन वर्षांपूर्वी सेंटरकडून माझ्याही हातात आली होती, मी ती फ्रीजवर लावली, एकेका ओळीवर टिक केली, आणि तरी बॅग चुकीचीच भरली. म्हणून म्हटलं लिहूया. यादी सगळे देतात हो, पण ती वस्तू का हवी आणि ती दुसरी का नको हे कुणी सांगत नाही, आणि कारण माहीत नसलं की आईबाप यादी अगदी शब्दशः पाळतात आणि नेमक्या नको तिथे चुकतात.

माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. हो, मुलगा. यादीत सातव्या का आठव्या ओळीत लिहिलेलं, 'सॅनिटरी पॅड, नेहमीपेक्षा जास्त'. त्यानं यादी हातात घेतली, तिथपर्यंत वाचली आणि कागद परत दिला, म्हणाला, आई ही मुलींची यादी आहे, मी चुकीच्या ठिकाणी चाललोय. पुढचे दोन दिवस तो तेच एक वाक्य धरून बसला. आधीच हजार प्रयत्नांनी तयार झालेला, त्यात ही ओळ. आता मला माहितीये की ती ओळ खरं तर किती चांगली आहे, उपाशी राहून बंद झालेली पाळी ट्रीटमेंटमध्ये पोटात नीट अन्न जायला लागलं की कधीतरी अचानक परत येते आणि मुलीकडे तेव्हा काहीच नसतं, म्हणून जास्त पॅड. पण हे लिहिलंय कुठे? आणि मुलग्यांसाठी एक वेगळा कागद छापायला असे किती कष्ट पडतात?

बरं मुलग्यांना हा आजार होतो हे काही कालपरवा कळलेलं नाही. १६८९ साली लंडनच्या रिचर्ड मॉर्टन नावाच्या डॉक्टरनं अशा दोन पेशंटबद्दल लिहून ठेवलंय, त्यातली एक मुलगी होती आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा, एका पाद्र्याचा. म्हणजे अॅनोरेक्झियाचं, या स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराचं, अगदी पहिलं म्हणावं असं जे वर्णन आहे त्यातसुद्धा निम्मे मुलगेच. आणि तरी अमेरिकन सायकिअॅट्रिस्ट लोकांच्या ज्या मॅन्युअलवरून जगभर निदान करतात, त्यात अॅनोरेक्झियासाठी पाळी बंद झालेली असणं ही एक अट २०१३ पर्यंत होती. मुलग्यांनी काय करायचं होतं कुणास ठाऊक. मॉर्टननं त्या मुलाला पुस्तकं बंद करून गावाकडच्या मोकळ्या हवेत जायला सांगितलं होतं आणि त्याची तब्येत बरीच सुधारली, हे मी माझ्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला म्हणजे दहावीचा अभ्यास न्यायचा नाही ना. पहिल्यांदा हसलो आम्ही दोघं त्या आठवड्यात.

तर बॅग. पलंगावर उघडी पडलेली, मी एका बाजूला, तो एका बाजूला, आणि यादीत पहिलीच ओळ, हुडी आणि ट्रॅक पॅन्टच्या नाड्या काढून आणा. हे कारण मला कुणी न सांगताही कळलं, आणि कळलं तेव्हा हातपाय गार पडले. नाडी, बेल्ट, बुटाच्या लेस, चार्जरची लांब वायर, वहीची स्पायरल, काचेचा आरसा, रेझर, हे सगळं एकाच कारणासाठी नको असतं, कारण अशा सेंटरमध्ये स्वतःला इजा करणारी मुलंही असतात. तुमचं मूल तसं नसेल पण शेजारच्या पलंगावरचं असू शकतं. हे एवढं जरी कुणी सांगितलं असतं ना तर मी रात्रभर माझ्याच मुलाकडे संशयानं बघत बसले नसते. आणि नाडी या शब्दाचं त्या दिवसांत काय झालं होतं आमच्या घरात ते पण सांगते, झोपेत त्याची नाडी ४० च्या खाली जायची म्हणून तर अॅडमिट करायची वेळ आलेली, आणि मी पलंगावर बसून हुडीची नाडी ओढतेय, ती मध्येच अडकली, एक टोक आत गेलं आणि दुसरं बाहेर येईना. तो म्हणाला दे इकडे. त्याची बोटं निळसर पडलेली असायची थंडीनं, त्या बोटांनी त्यानं ती काढली, गुंडाळी केली आणि माझ्या हातात ठेवली.

थंडीचं कारण मला फार नंतर एका नर्सनं समजावलं. मी आपली यादीत उबदार कपडे लिहिलंय म्हणून दोन स्वेटर टाकले होते, बाहेर काही एवढी थंडी नव्हती. पण प्रश्न बाहेरच्या हवेचा नसतोच. शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही की ते आतली शेगडी मंद करतं, हात, पाय, नाक गार पडतात, अंगावर बारीक लव येते, भर उन्हाळ्यात मूल पांघरूण ओढून बसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत अन्नावर कसं आणायचं हे शिकायला. सगळे पुरुष बरं का. त्यांची नाडी सरासरी ५५ वरून ३५ वर आली. ऐन जुलैत थंडी वाजायची. कधी स्वयंपाकाशी संबंध नसलेली माणसं रेसिपीची पुस्तकं जमवायला लागली, एक जेवण तासन्‌तास चिवडत बसायला लागली, च्युइंगम तर इतकं चघळायचे की त्यावर बंधन आणावं लागलं. यातल्या कुणालाही आधी खाण्याचा कसलाही आजार नव्हता, नुसत्या उपासमारीनं हे सगळं झालं.

हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यासमोर यादीतल्या तीन ओळी फटाफट सुटल्या. तीन-चार थर घालता येतील असे कपडे आणि जाड मोजे आणा, रेसिपीची पुस्तकं आणू नका, च्युइंगम आणू नका. मला वाटलं होतं रेसिपीची पुस्तकं नको हा काहीतरी विचित्र नियम आहे, माझा मुलगा तर आजारपणात उलट स्वयंपाकघरात रमायला लागला होता, सगळ्यांना करून खाऊ घालायचा, स्वतः मात्र नाही, आणि मी वेडी, मला वाटायचं चला अन्नात इंटरेस्ट येतोय. वर्षभर मी त्याला रेसिपीची पुस्तकं आणून देत होते!

आता माझी चूक. यादीत लिहिलं होतं 'आरामदायक, सैल कपडे, सात जोड'. आमच्याकडे त्याचे जुने कपडे होते ते अंगावरून घसरायचे, त्यात तो इतका खंगलेला दिसायचा की मला बघवायचं नाही, म्हणून मी त्याला तेव्हा बसतील असे नवीन कपडे घेतले, दोन जीन्स, तीन टीशर्ट, नीट मापाचे. म्हटलं चार लोकांत जातोय, जरा बरा दिसू दे. सेंटरमध्ये बॅग तपासली तेव्हा कुणी काही बोललं नाही, कारण नियमात बसत होतं सगळं. पाचव्या आठवड्यात मी भेटायला गेले तर हा पायजम्यात, डोळे सुजलेले, ग्रुप सेशनला गेलाच नव्हता. थेरपिस्टनं बाजूला घेऊन सांगितलं, सकाळी जीन्सचं बटण लागलं नाही.

एवढंच. बटण. पाच आठवडे तो सकाळपासून रात्रीपर्यंत तीन जेवणं आणि तीन मधली खाणी, प्रत्येक वेळी घड्याळ समोर ठेवून, रडत का होईना संपवत होता, वजन करताना काट्याकडे पाठ करून उभा राहत होता म्हणजे आकडा दिसू नये, सगळे मिळून त्याच्यापासून आकडे लांब ठेवत होते, आणि मी एक आकडा शिवून बॅगेत घालून पाठवला होता. बटण म्हणजे आकडाच की. ज्या शरीरानं तो आत गेला होता त्या शरीराचे कपडे मी भरले होते, आणि सगळी ट्रीटमेंट तर ते शरीर बदलायलाच होती! हे कुणीतरी एका ओळीत सांगायला हवं होतं, कपडे आजच्या मापाचे आणू नका. इलॅस्टिकच्या कमरेचे आणा, ताणले जाणारे आणा, दोन मापं मोठी असलेली एक पिशवी वेगळी भरा आणि ती मुलाच्या खोलीत न ठेवता स्टाफकडे द्या, लागेल तेव्हा ते गुपचूप बदलतील. आणि मापाची लेबलं कापून टाका.

लेबलं कापायचं त्या रात्री मी घरी येऊन केलं. मानेजवळचं लेबल कापलं तरी त्याचा बारीक कडक काठ राहतो आणि तो टोचतो, म्हणून मग शिवण उसवून काढायला घेतली, एका निळ्या टीशर्टची शिवण नको तितकी उसवली आणि गळ्याला मागे छोटंसं भोक पडलं. तो ती अजून घालतो. मी शिवते म्हटलं तर नको म्हणतो.

यादीत उलटं एक होतं, फार सैल, मोठ्या खिशांचे कपडे नकोत, जेवताना लांब बाह्या वर दुमडाव्या लागतील. एकीकडे सैल आणा म्हणता, एकीकडे सैल नको. याचं कारण मी इथे सगळं लिहिणार नाही, कारण पेपर मुलंही वाचतात आणि या आजारातली मुलं एकमेकांकडून युक्त्या शिकतात. एवढंच सांगते की हा आजार मुलाला लपवाछपवी शिकवतो, आणि सरळमार्गी, कधी खोटं न बोललेलं मूलही त्यात पटाईत होतं. तसंच वजनाचे आकडेही मी या पत्रात दिलेले नाहीत, तुमच्या लेखात मात्र दिले होते, एका मुलीचं अमुक किलोवरून तमुक किलोवर आलेलं वजन, आणि सोबत फोटो कुणाचा तर कमरेभोवती टेप गुंडाळलेल्या सडपातळ मुलीचा. आपल्याला तो आकडा ऐकून धस्स होतं, आजारी मूल मात्र तो वाचून मनात म्हणतं, मी अजून तिथे पोचलो नाही. कृपा करून पुढच्या वेळी हे गाळा.

टेपवरून आठवलं. पहिल्या दिवशी बॅग तपासतात तेव्हा ती टेबलावर पूर्ण ओततात. आईबापांना तिथेच बसवतात, मूलही समोर असतं, आणि अगदी चड्डी-बनियनपर्यंत एकेक घडी उलगडून बघतात. मला फार अपमान वाटला होता. मग नर्सनं उशीचा अभ्रा काढला आणि आतून टेप निघाली, कापडी, पिवळी, माझ्या शिवणाच्या डब्यातली, जी मी तीन महिने घरभर शोधत होते. मुलानं मान खाली घातली. मी काहीतरी बोलणार होते, नर्सनं माझ्याकडे नुसतं बघितलं, टेप एका पिशवीत टाकली, त्यावर त्याचं नाव लिहिलं आणि पुढचा मोजा उलगडायला घेतला. रागावणं नाही, लेक्चर नाही. नंतर मला म्हणाली, जवळजवळ प्रत्येक बॅगेत एक वस्तू आजारानं स्वतःची भरलेली असते. पावलं मोजणारं घड्याळ पण असंच जातं पिशवीत, आणि पळायचे बूट पण. आमचं घड्याळ आम्ही घरीच ठेवलं होतं, त्यावरून प्रवासात तो दोन तास बोलला नव्हता.

खाऊ नेऊ नका ही अजून एक ओळ, जी पाळताना सगळ्या आया मनातून चिडतात, मी पण. बाहेरचं काहीच चालत नाही, मग आजीनं प्रेमानं दिलेलं का असेना. याचं कारण ऐकलं तेव्हा मात्र मी गप्प बसले. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न एकदम जास्त गेलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जिवावर बेतू शकतं, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत वरचेवर रक्त तपासतात आणि डाएटिशियन अन्न मोजूनमापून वाढवते. म्हणजे आपण लाडानं सरकवलेला डबा नुसता नियमभंग नसतो. शिवाय अर्ध्या गोष्टी यासाठी असतात की ताटात काय येणार हे मुलानंही ठरवायचं नाही आणि आईनंही नाही, काही काळ तरी. मला या दुसऱ्या कारणानं खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

कागदपत्रांचं कुणाच्याच लक्षात येत नाही. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, आणि ती मुलाच्या बॅगेत न टाकता नर्सच्या हातात द्यायची, जुलाबाच्या गोळ्या किंवा व्हिटॅमिनच्या नावाखाली काहीही भरायचं नाही. ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट हे तर लागतातच. पण सगळ्यात उपयोगी पडलं ते त्याचं लहानपणापासूनचं उंची-वजनाचं कार्ड, लसीकरणाच्या फाइलमध्ये सापडलेलं, कडा फाटलेली. वाढत्या वयाच्या मुलाचं योग्य वजन म्हणजे एखाद्या तक्त्यातला एकच आकडा नसतो, तो स्वतः आधी कुठल्या रेषेवर वाढत होता हे बघून ठरवतात. यादीत हे नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नवऱ्याला फोन करून माळ्यावर चढवलं.

आणि त्याच्यासाठी काय न्यायचं, म्हणजे आजारासाठी नाही, त्याच्यासाठी. स्वतःची उशी न्या, अभ्रा तपासून. स्वतःचं पांघरूण न्या, त्याला घरचा वास असतो. फोन काढून घेतात किंवा ठराविक वेळ देतात तेव्हा लक्षात येतं की मुलाला एकही नंबर पाठ नाही, आम्ही आदल्या रात्री एका कागदावर चार नंबर लिहिले, आई, बाबा, आजी आणि एक मित्र, त्यातला मित्राचा नंबर चुकीचा उतरवला होता आणि तो दोन आठवडे कुणा भलत्याच माणसाला फोन करत होता. पत्त्यांचा कॅट न्या, जेवणानंतरचा तास सगळ्यात वाईट असतो, पोट गच्च वाटतं कारण उपाशी राहिलेलं पोट हळू रिकामं होतं, बाथरूमलाही एकट्याला सोडत नाहीत, तेव्हा हाताला काम लागतं. त्याच्या खोलीतला मुलगा आईनं दिलेल्या लोकरीनं सुया न घेता नुसत्या बोटांनी विणायला शिकला आणि त्यानं सगळ्या वॉर्डाला पट्ट्या विणून दिल्या. स्पायरलची वही मी नेली होती, तिची स्पायरल काढली आणि सुटी पानं परत दिली, तेव्हा शिवलेली वहीच घ्या. फोटो न्या पण बघून, त्याचे स्वतःचे आजाराच्या आधीचे किंवा आजारातले नकोत, कुत्र्याचा चालेल. आमच्याकडे कुत्रा नाही, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा नेला.

मी एक पत्रही लिहून उशीखाली ठेवायला दिलं होतं, 'लवकर बरा हो, आधीसारखा दिसायला लाग'. थेरपिस्टनं ते मला परत दिलं आणि म्हणाली दुसरं वाक्य काढून लिहा. या मुलांना 'किती छान दिसतोस', 'तब्येत सुधारली' हे सगळं एकाच अर्थाचं ऐकू येतं, 'जाड झालास'. मी तीनदा लिहिलं. शेवटी मित्रांची खबर, मॅचचा स्कोअर आणि शेजारच्या कुत्र्यानं माझी चप्पल नेली एवढंच लिहिलं, तर ते म्हणे त्यानं बरेच दिवस जवळ ठेवलं होतं.

तर संपादकसाहेब, विनंती अशी की ती चौकट परत छापणार असाल तर अकरा ओळींच्या बावीस करा, प्रत्येक ओळीपुढे 'कारण' म्हणून एक ओळ द्या. जागा नसेल तर तो टेपवाला फोटो काढा, तेवढी जागा होते. मुलग्यांसाठी वेगळा कागद करता आला तर बघा. आणि आजच्या मापाचे कपडे नेऊ नका ही ओळ सगळ्यात वर टाका, ठळक.

शिवाय घरात एक सेफ्टी पिन हाताशी ठेवा असंही लिहा, बॅगेत नाही, घरी. नाड्या काढायला फार वेळ लागत नाही. परत ओवायला लागतो. आमच्या हुडीची नाडी मी ड्रॉवरमध्ये ठेवली होती तशीच गुंडाळीत, तो परत आल्यावर एका संध्याकाळी त्यानंच मागितली, पिनेला टोक अडकवलं आणि सरकवत बसला, अर्ध्यात पिन आत सुटली, परत पहिल्यापासून. तोपर्यंत त्या हुडीच्या बाह्या त्याला मनगटाच्या वर येत होत्या.

आपली,
एक वाचक